एकतीस चुली

(इंदिरानगर, नाशिक. डिसेंबर २००४. सर्वेक्षणाचं काम घेणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस. शुभांगी प्रोग्राम लिहिते, सुनील गावोगाव फिरून फॉर्म भरतो. बुधा सुरगाण्याकडून आला आहे.)

सुनील : यांनाही दाखवा मॅडम. बुधा भिमाजी. फॉर्म मी स्वतः भरलाय, यांच्याच ओट्यावर बसून.

शुभांगी : सापडलं. फाइलमध्ये नाव आहे, यादीत नाही.

बुधा : म्हंजी हाय का नाय?

शुभांगी : बुधाभाऊ, ही एक्सएमएल फाइल. डब्यात डबा ठेवावा तशी. गावात घर, घरात कुटुंब, कुटुंबात माणसं. तुमच्या वडिलांचं कुटुंब इथे दिसतंय ना, तुमचं त्याच्या आत आहे.

बुधा : आतच ऱ्हातो. लग्न झालं की आमच्यात चूल वेगळी मांडत्यात, छप्पर एकच. चार वर्सं झाली, दाणे वेगळे हायेत.

सुनील : म्हणून मी तसंच भरलं. बापाच्या आत दोन्ही मुलगे, बायकापोरांसकट.

शुभांगी : आणि जावा भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम घर उघडतो, त्यातलं कुटुंब घेतो, पुढच्या घरी जातो. कुटुंबाच्या आत आणखी कुटुंब आहे का, हे तो बघतच नाही. मी बघायला सांगितलं नव्हतं.

सुनील : तपासला नव्हता?

शुभांगी : तपासला. आमच्या सोसायटीतले सोळा फ्लॅट भरून. सोळाच्या सोळा बरोबर आले.

सुनील : फ्लॅटात दोन चुली कुठल्या.

शुभांगी : एकतीस चुली सुटल्यात. दुरुस्ती सहा ओळींची होती. आत कुटुंब दिसलं की आत शिरून तेच काम पुन्हा करायचं. सकाळी केली. सगळी नावं आली.

बुधा : मग झालं की. प्लॉट मिळंल.

सुनील : नाही रे बुधा. धरणात घर जाणाऱ्याला नव्या गावठाणात प्लॉट, तो पक्क्या यादीवरून. यादी गेल्या महिन्यात पक्की झाली. मी पुनर्वसन ऑफिसातल्या साहेबांना भेटून आलो. म्हणाले, हरकतीला महिना दिला होता, एक माणूस फिरकला नाही.

बुधा : कोण फिरकणार? आम्ही समदे दिंडोरीकडं, द्राक्षाच्या छाटणीला. गावात निस्ती म्हातारी.

सुनील : तेही सांगितलं. म्हणाले, नोटीस चावडीवर लावली होती.

शुभांगी : चूक माझी आहे, मी लेखी देते, हे सांगितलंत?

सुनील : सांगितलं. आपल्या कंपनीच्या मालकांच्या सहीचंच पत्र लागतं म्हणाले. आणि मालक म्हणतात, सही केली तर पुढचं काम गेलं.

बुधा : म्हंजी बापाच्या एका प्लॉटात तीन चुली.

शुभांगी : हो.

सुनील : कोर्टात जाता येतं. पण त्यात वर्षं जातात, आणि पाणी येत्या पावसाळ्यात अडवणार आहेत.

बुधा : बाई, आता ह्या मशीनमधनं माझं नाव निघतंय ना?

शुभांगी : निघतंय.

बुधा : मग तेवढा कागद द्या.

सुनील : त्यावर शिक्का नाही. कुठल्याच ऑफिसात चालणार नाही तो.

बुधा : हापिसात नाय न्यायचा. बायको मीना माहेरी जाऊन बसलीय. म्हणती, बापाला भिऊन तू आपलं नाव सांगितलंच नाय.

शुभांगी : देते. तिला वाचता येतं?

बुधा : तिला येतं. मलाच नाय.