रास वाढली

माझं माहेर कोळवणाकडचं, लगीन करून हितं नांदे गावात आले तवा, काय सांगू तुमाला, हिंजवडीकडं बगितलं तर नुसतं भातच भात, आन वाऱ्यावर आंबेमोहराचा असा वास यायचा की जेवून उठलेल्या माणसाला परत भूक लागावी. नाव माझं अनसाबाई. तुमी त्या बारक्या यंत्रांचं इचारायला आलाय, व्हय, ते सांगतेच, पर आदी खळ्याचं सांगावं लागंल, त्याबिगर यंत्रांचं काय बी कळायचं न्हाई. बोलणं धरायचं तुमचं ते मशीन चालू हाय न्हवं? चपला भाईर काढल्या का? काढल्या, बरं केलं, कारण तुमी आता बसलाय ना ही खोली, हेच आमचं खळं.

घरामागं शेणानं सारवलेलं गोल खळं, मधी तिवडा रोवलेला, म्हंजी मळणीचं बैल ज्याच्याभवती फिरतात तो खांब. खळ्यात पायताण चालायचं न्हाई. रास पडली की मोजायला आमचं मालक बसायचे, नुसतं आमच्याच न्हाई, लोकाच्या खळ्यावर बी त्येंनाच बोलवायचे, कारण हात सरळ आन आवाज असा भरदार की बांधापतुर जावा. अधोलीनं, म्हंजी अर्ध्या पायलीच्या मापानं, मोजायचं. पहिल्या मापाला एक म्हणायचं न्हाई, लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. मोजणाऱ्याशी मधी कुणी बोलायचं न्हाई, लेकरू रडलं तरी त्याला उचलून लांब न्यायचं. रास मोजून झाली की घरच्या बाईनं इचारायचं, वाढलं का, आन मोजणारा म्हणणार, वाढलं. म्हंजी उलटं काय ते तुमी समजून घ्या. बांगडी फुटली तर आपण फुटली म्हणतो का, वाढली म्हणतो, तसंच हे. सासू माझी लई कडक, मीठ नसलं घरात तर मीठ वाढलं म्हण, दुसरा शब्द आला तोंडात तर पाटवड्यासारखं थापंन म्हणायची.

मग मालकांनी मळणीचं यंत्र आणलं. जुनंच, लाकडी अंगाचं, इंजनाच्या पट्ट्यावर चालणारं, तांबडं, आन निळं चाक. कडंची फळी कुजलेली म्हणून मालकांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं ठिगळ मारलं, चार कोपरे आन खिळे तीनच, चौथा गावंना म्हणून राहिला तो राहिलाच. सुगीत ते यंत्र घेऊन ह्या खळ्यावरनं त्या खळ्यावर फिरायचे, अंगभर तूस, भुवया बी पिवळ्या. मला म्हणायचे, अनसा, हे लाकडाचं न्हाई, हे खातंपितं जनावर हाय. मी म्हणायची, मग त्याच्याशीच संसार करा.

पुढं कंपन्या आल्या, आन शेतं अशी भराभरा गेली की बांध कुणाचा कुटं हे सांगायला माणूस राहिला न्हाई. आमची बी गेली. यंत्र भंगारात गेलं. खळ्यावर भाड्याच्या खोल्या बांधायचं ठरलं, ते बी मालकांच्या संमतीनंच, कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार न्हाई. शेवटचं भात मोजायला मालक बसले, आन ठेकेदाराचा माणूस बूट घालून सरळ खळ्यात आला. मालक अर्ध्यात. तो काय म्हणाला ते... थांबा, भाईर या, अंगणात या जरा, तितं नको. हां. त्यानं इचारलं, संपलं का? आन आमचं मालक, आल्यागेल्याला नीट उत्तर द्यायची सवय माणसाला, मान वर करून म्हणाले, संपलं. चला आत.

तो शब्द खळ्यात कवाच कुणी उच्चारला न्हवता, वो. मालकांच्या हातातली अधोली तशीच राहिली. तोंड उघडं, जणू त्यो शब्द परत आत ओढून घ्यायचा हाय. दुसऱ्या दिवशी तिवडा बुडातनं कापला, वर काँक्रीट वतलं, फरशी बसली, आन मालक बोलायचे बंद झाले. दवाखाने केले, घसा तपासला, जीभ तपासली, समदं जागच्या जागी. जेवायचे, चालायचे, माझ्याकडं बगून हसायचे बी, पर आवाज न्हाई. वर्सामागनं वर्सं. मी घरात एकटीच बोलायची, मीच इचारायची, मीच उत्तर द्यायची, आन कोंबड्यांशी भांडायची. काय न्हाई, नुसतं अनसा म्हणावं एकदा, येवढंच मागणं व्हतं माझं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मग ह्या खोलीत किरण भाड्यानं आला. लातूरकडचा, कंपनीत कामाला, पोरगं गुणी, मला मावशी म्हणायचा. सामान काय, तर एक गादी आन खोकीच खोकी. खोक्यांत यंत्रं. लोखंडी चाकांचं वाफेचं इंजन, पुढं एकच चाक असलेला ट्रॅक्टर, गवत ओढायचा दातेरी फणा, हातानं फिरवायची उफणणी, समदी परदेशातली, पन्नास-शंभर वर्सांमागची, पर येवढीशी, सुपात मावतील अशी. लहानपणी वडलांनी ट्रॅक्टरवर कवा बसूच दिलं न्हाई म्हणायचा, त्याचा हा राग. भिंतीला काचंचं कपाट केलं, आन सुट्टीच्या दिवशी रंगाच्या कुंचल्यानं एकेकाची धूळ काढत बसायचा. बोल्टाला आटे बी दिसायचे, वो. मी म्हणलं, आरं, ह्येंच्यातली एक बायको असती तर इतकी सेवा केली असतीस का? तो म्हणला, मावशी, हे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचं असतंय, एक बी खिळा कमी न्हाई का जास्त न्हाई. मी म्हणलं, सोळावा हिस्सा, म्हंजी रुपयातला आणा. मालक दारात हुबे व्हते, त्येंनी मान हलवली.

एक मळणीयंत्र मिळवायला त्यानं लई दिवस घातले, जुन्या बाजारात जायचा, परदेशातल्या माणसांशी पत्रव्यवहार करायचा. शेवटी पार्सल आलं. मला हौशीनं बोलावलं, मावशी बघा. बगितलं आन मी वाकून परत बगितलं. लाकडी अंग, तांबडं, निळं चाक. म्हणलं असंल, असली यंत्रं काय एकच असतात का. पर कडंच्या फळीला पत्र्याचं ठिगळ. नखायेवढं. कोपरे चार, खिळे तीन. किरणनं खोक्यावरचा फोटो काढून दाखवला, फोटोत ठिगळ न्हवतं. तो म्हणला, कुणीतरी आधीच्या मालकानं केलं असंल. व्हय रं बाबा, म्हणलं, आधीच्या मालकानंच केलंय.

त्या दिवसापासनं मालक रोज दुपारी हितं यायला लागले. किरण कामावर, झाडलोटीला किल्ली माझ्याकडं. मालक चपला दाराभाईर काढायचे, कपाट उघडायचे, तेवढं यंत्र भाईर काढून फरशीवर ठेवायचे आन म्होरं बसायचे. मी झाडू मारायला लागले तर केरात तूस. हितं भाताचं नाव न्हाई कुटं, चौफेर इमारती, आन केरात तूस! हातावर घेतलं, खिडकीपाशी नेलं. तुसात दाणे. पुरं भात व्हतं, टरफलासकट, कुसळासकट, पर दाणा खसखशीयेवढा. सोळाव्या हिश्शाचा. मी ते पदराला पुसलं आन कुणाला सांगितलं न्हाई. सांगू काय? मग कोंबड्या यायला लागल्या. दार उघडं दिसलं की सगळ्या आत, आन रिकाम्या फरशीवर टकाटक चोच मारायच्या. म्हणलं येड्या झाल्या. संध्याकाळी खुराड्यात कोंडताना हात लावला, तर गळ्यातल्या पिशव्या टम्म. अनवाणी फरशीवरनं चाललं की पायाला धसकटं टोचायची. आन वास. आंबेमोहराचा, ओंबी निसवताना येतो तो. किरण म्हणायचा, मावशी, दुपारचा भात लावता का तुम्ही? मी म्हणायची, व्हय.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची, पर घरात पुजायला राहिलंय काय? नांगर न्हाई, कोयता न्हाई, इळी पुजली आन झालं. मालक उठले, किरणच्या कपाटातनं ते यंत्र आणलं आन पाटावर ठेवलं. किरण खूश, म्हणला मावशी, माझ्या मॉडेलचं नशीब उघडलं. मी हळदकुंकू व्हायलं, झेंडूचं एक फूल ठेवलं, फुलानंच झाकलं ते. आन हात जोडले तवा मनात काय म्हणाले ते खरं सांगते. म्हणाले, आमचं जे न्हेलंस ते तूच परत दे, बाकी काय नगं.

दुसऱ्या दिवशी दसरा. भर दुपारी मी अंगणात सोनं मांडत व्हते, आपट्याची पानं. आन ह्या खोलीतनं आवाज आला. लाभ.

काय सांगू तुमाला. तोच आवाज, भरदार, बांधापतुर जाणारा. माझ्या हातातली पानं सांडली. पळत आले, दारात चपला काढल्या, आन उंबऱ्यावरच थांबले, कारण मोजणाऱ्याशी बोलायचं न्हाई. मालक मांडी घालून बसलेले, म्होरं यंत्र, यंत्राचा पट्टा आपोआप फिरतोय, आन फरशीवर त्या बारक्या भाताची रास. माप कशाचं, तर माझ्या कुंकवाच्या करंड्याची वाटी. वाटी भरायची, अंथरलेल्या उपरण्यात वतायची. दोन. वाटी येवढीशी, पर आवाज अधोली पोत्यात पालथी केल्याचा. तीन. किरण मागनं आला, सुट्टी व्हती त्याला, पायात बूट, आन तोंड उघडणार येवढ्यात मी माझा हात त्याच्या तोंडावर दाबला. पायाकडं खूण केली. त्यानं बूट काढले. मी त्याचं मनगट धरून हुबी, आन आत मापामागनं माप, उन्हं सरकत पार दाराशी आली तरी.

मग राशीत हात घातला, तर हाताला फरशी लागली. पट्टा थांबला. मालकांनी मान वर केली आन माझ्याकडं बगितलं, मागच्या वेळी त्या बूटवाल्याकडं बगितलं व्हतं तसंच. मला कळलं, आता इचारायचं मीच, आन शब्द चुकला तर हा माणूस परत मुका, कायमचा. डोईवर पदर घेतला. मग इचारलं, मालक, वाढलं का?

त्येंनी वाटी फरशीवर पालथी ठेवली. मग म्हणाले, वाढलं. आन हसले, आन म्हणाले, अनसा, आता तू वाढ, भूक लागलीया.

मी रडत रडत पुरणपोळी वाढली, वो. उपरणं झटकून बगितलं, आत काय न्हवतं, वास तेवढा. त्या दिवसापासनं मालक बोलले, सुगीपतुर बोलले, इतकं की मीच म्हणायची आता गप बसा जरा. मी इचारलं, येवढी वर्सं का बोलला न्हाईत? म्हणाले, तोंडातनं गेलेला त्यो शब्द मागं घ्यायला मला कुणी इचारणारंच न्हवतं. आन सुगी झाली, जवा पूर्वी खळं मोडायचं, त्या दिसांत एका दुपारी जेवून आडवे झाले आन उठले न्हाईत. चेहरा कसा, तर पिवळा न्हाई, काळा न्हाई, रास मोजून आल्यावर असायचा तसा.

किरणनं पुढं घर घेतलं, कपाट न्हेलं. मळणीयंत्र मातर हितंच ठेवलं, म्हणला मावशी, हे माझं न्हाईच. ते बगा, तितं कोनाड्यात. हात लावा, पर चाक फिरवू नका. आता दोन हजार दहा चाललंय, दोन पोरी राहत्यात हितं, कंपनीतल्या, त्या म्हणत्यात मावशी, रोज झाडतो तरी केर येतो कुठनं? मी म्हणते, इमारतींची धूळ गं. आन दुपारी त्या कामावर गेल्या की मी उंबऱ्यावर येऊन बसते. आतनं आवाज येतो. लाभ. मग दोन. मालक मोजत असत्यात. मी ऐकते. मग रास हाताला लागायची थांबती, आवाज थांबतो, मला कळतं की आता माझ्याकडं बगत असत्याल. इचारायची येळ झाली. पर मी इचारत न्हाई. इचारलं तर म्हणत्याल वाढलं, आन जात्याल. मग मी गपचीप बसते, पदरातल्या कण्या कोंबड्यांना टाकते, आन दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासनं, लाभ.

तुमच्या मशीनचा दिवा लाल झाला बगा. फीत... न्हाई, न्हाई, तो शब्द हितं नको. वाढली म्हणा. आन तुमच्या बी घरात समदं वाढू द्या, बाबा.