बिनदाराचं घर आणि लवचिक प्लॅन

…आणि वर तो फोनवरचा ब्रिस्बेनवाला म्हणतो कसा, "साहेब, एकदम लवचिक प्लॅन आहे. जेवढी माणसं तुमचं इंटरनेटवरचं पान उघडतील तेवढंच बिल. कुणी फिरकलंच नाही तर जवळजवळ फुकट." आता तुम्हाला सांगतो, एवढं गोड कुणी बोलायला लागलं की आमच्या सवाई बेटावरच्या माणसानं फोन ठेवावा आणि गुपचूप नारळ सोलायला बसावं. मी बसलो का? नाही. मी म्हटलं, द्या.

कशासाठी, तर समुद्रावर माझे चार फाले आहेत. गवती छपराचे, भिंती नाहीत, पर्यटक येऊन राहतात. लेक माझी, लानुओला, ऑकलंडला हॉस्पिटलच्या चादरी धुते. ती म्हणाली होती, "बाबा, यंदाचा हंगाम भरला ना, की नोकरी सोडून घरीच येते. दोघं मिळून चालवू." फोटो तिनं काढले, वेबसाइट तिनं बनवली, आणि ती इंटरनेटवर ठेवायचा प्लॅन निवडायचं काम तेवढं माझ्याकडे दिलं. एवढं एकच काम हो!

दोन प्लॅन होते. एक ठरलेल्या भाड्याचा, मग कितीही माणसं येवोत. तो मला महाग वाटला. दुसरा हा लवचिक. त्यातही मी शहाणा, वरून मर्यादा घालून घेतली… म्हणजे बिल अमुक इतकं झालं की पान महिनाअखेरपर्यंत आपोआप बंद. म्हटलं, खिशाला भोक नको.

आणि रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवा माझं नाव घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "फाआवाएचं घर आता इंटरनेटवर उघडलंय, सर्वांनी भेट द्यावी." झालं, मला राहवतंय होय? मी उठून उभा राहिलो, "या, सगळे या, एकदाच नको, रोज या!" सवय हो, दुसरं काय. आमच्याकडे रस्त्यानं कुणी नुसतं चाललं तरी घरातून हाक जाते, ये, जेवून जा. पण तो हसतो आणि पुढे जातो, खरंच थोडाच बसतो जेवायला? इथे सगळे बसले. अख्खं गाव बसलं, सिडनीचे चुलते बसले, ऑकलंडची चर्चमधली गाणारी मंडळी प्रार्थना संपली की एकेकाच्या फोनवर बसली. महिना धड सुरू झाला नाही तोवर पान बंद. पुढच्या महिन्यात तेच. आणि मला पत्ताच नाही, कारण पहिल्या तारखेला ते आपोआप पुन्हा उघडायचं. प्लॅन लवचिक होता ना.

कळलं कधी, तर एक जर्मन बाई दुकानात भेटली. म्हणाली, "अहो, आम्ही तुमच्याकडेच उतरणार होतो, पण तिथे लिहिलं होतं, बंद आहे." बंद? बाई, माझ्या फालेला दारच नाही, मी बंद काय करणार?

म्हटलं, आता माणसांना थांबवायला हवं. पहिला फोन थोरल्या बहिणीला, ऑकलंडला. "लोसाताई, तू ते पान बघतेस का गं?"

"बघते की. उठल्यावर बघते, गोळी घेताना बघते. त्या तिसऱ्या फोटोत मागे अंगणातली आईची कबर दिसते ना रे. आणि काय रे, मध्ये ते बंद होतं. आईला पण भाड्यानं दिलीस काय?"

आता तुम्हीच सांगा, हिला काय म्हणू? ताई, आईला बघू नकोस, बिल येतं? मी म्हटलं, जेवलीस का, आणि फोन ठेवला. पुढचे फोन केलेच नाहीत.

हंगाम गेला. फाले रिकामे. तो महाग प्लॅन घेतला असता तर लेक आज इथे असती, ही रुखरुख काही जात नाही. तिला फोन करून कबूल करायला गेलो, तर तीच रडायला लागली.

"बाबा, रागावू नका. सगळ्यात जास्त मीच बघत होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की ते पान उघडायचे, डबा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. आपलं घर समोर असलं की घास उतरतो. आता नाही बघणार."

मी म्हटलं, गप. बघ तू. मर्यादा काढून टाकली त्याच दिवशी. आता पान कधी बंद होत नाही, बिल मात्र असं येतं की विचारू नका. आणि ते भरतं कोण? लानुओला. जादा पाळी घेतलीय तिनं. यंदा यायचं जमणार नाही म्हणाली.

परवा त्या ब्रिस्बेनवाल्याला पुन्हा फोन लावला. म्हटलं, नकोच हे सगळं, बंद करता येईल का? तर तो आनंदानं, "कधीही, साहेब! आत्ता करू? एकदम लवचिक आहे."

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, राहू द्या… लेक जेवायला बसली असेल.