दिवाकरले विचारा

लोकांचं बोलणं चोरून ऐकू नये, हे प्रेमिलाबाईंना ठाऊक होतं. पण हिंगण्याच्या बसस्टॉपवर कान झाकून कोण उभं राहतं? पुढची दोघं कारखान्यात नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरवर काम करणारी होती. पोरीचे डोळे लाल झाले होते.

"काहून रडून राहिली वं लतिका? प्रोग्राम तपासणीत नापास झाला, एवढंच न?"

"त्याचं नाही, केशवभाऊ. नापास झाल्यावर स्क्रीनवर काय आलं माहीत आहे? 'चूक आहे. दिवाकरले विचारा.'"

"अरे देवा! अजून आहे ते?"

"एक राहून गेलं वाटते. बाकीचे मजकूर तर दिवाकरभाऊंनी शेवटचं दवाखान्यात भरती व्हायच्या आधी बदलले होते."

"किती सांगितलं त्याले! म्हटलं, तपासणी लिहितो तर काय पाहिजे होतं अन् काय आलं, ते स्क्रीनवर दिसन असं लिहीत जा गा. तर हासे. म्हणे, मी कुठं चाललो?"

"आता चूक कुठं शोधू मी?"

"उद्या दोघं मिळून शोधू. मग तो मजकूर बदलून टाक. पुढच्या माणसाले समजलं पाहिजे."

"बदलते. पण भाऊ, ते वाचलं अन् मी सवयीनं उठली. त्यांच्या टेबलापर्यंत गेली, तेव्हा ध्यानात आलं."

बस आली. रांग सरकली, पण केशवभाऊ जागचे हलले नाहीत. प्रेमिलाबाईही मागं थांबून राहिल्या.

"लतिका, उद्या चूक तेवढी काढू. मजकूर परवा बदल."