गेटवाली धावली तवा

माह्यं माहेर मूर्तिजापूरच्या बाजूचं. आमच्या वावराच्या धुऱ्याले लागून शकुंतला रेल्वे जाये, ते गाडी एवढी हळू का आमी पोट्ट्या तिच्यासंग पळो अन् कधी कधी तिच्या पुढं निंघो, तर काय सांगू तुमाले, पळनं मले तवापासून ठाऊक, पन लगन झालं अन् सुटलं ते सुटलंच. मालक रेल्वेत होते, ते गेले अन् त्याइच्या जागी मले लावलं, बडनेऱ्याच्या अलीकडं, गेटवर. गेटवालीचं काम म्हंजे उभं राह्यनं. गाडी आली का फाटक लावा, झेंडी घेऊन उभ्या राहा, गाडी पुरी जाईपर्यंत पाहा, चाकातून धूर निंघते का, खाली काही लोंबते का, शेवटी गार्डाले झेंडी दाखवा, मंगच फाटक उघडा. सारं जग माह्यापुढून गेलं अन् मी आपली उभी.

मंग माह्या पोरीनं, स्वातीनं, पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे एकटी पोरगी रस्त्यानं कशी धाडू, म्हनून मी संग जाऊ लागली, आधी सायकलीवर. एक दिवस सायकल पंक्चर झाली तवा पायीच पळाली, अन् एवढं बरं वाटलं का ते सायकल तशीच पडून राह्यली. पोरगी भरती झाली, अकोल्याले गेली, मी काही पळनं सोडलं नाही. तिनंच माह्यं नाव अमरावतीच्या रातच्या मॅरेथॉनमंदी टाकलं, पुरे बेचाळीस किलोमीटर. माह्ये दीर तिथंच अमरावतीत, राजापेठेत राह्यतात, मनाचे वाईट नाहीत पन तोंडाचा पट्टा चालूच, ते साऱ्या सोयऱ्याइसमोर म्हने, वहिनी, जे मांगं राह्यते त्याले उचलून आनाले एक गाडी असते, तुमी त्याच्यातच बसून येसान. मले ते लय लागलं. मी म्हटलं, भाऊजी, मरन पन त्या गाडीत बसनार नाही.

राती सुटलो. जवान पोट्टे पाहता पाहता पुढं गेले, मी आपली माह्या चालीनं. अर्ध्याच्या वर झालं अन् पिंडऱ्या दगडावानी झाल्या, मांगं पाह्यलं तं त्या उचलनाऱ्या गाडीचे दिवे दिसून राह्यले. तिथं रस्ता रुळाच्या बाजूनं जाते. शिट्टी आयकू आली, अन् पाहा माह्यं काय झालं, मी थांबली. कोनी सांगतलं नाही, पायच थांबले. रुळाकडं तोंड करून, हात वर करून उभी. कोयशाची मालगाडी, सरता सरेना. तवरिक ते उचलनारी गाडी बाजूले येऊन ठेपली, डायवर म्हने, मावशी, झालं असन तं बसा. मी म्हटलं, थांब बापू, गाडी जाऊ दे आधी. त्याले वाटलं बाईचं डोकं फिरलं. शेवटचा डबा आला, मी हात हालवला, त्या डायवरच्या दिव्याचा उजेड माह्या अंगावर होता म्हनून दिसली असन, गार्डानं अंधारातून हिरवा दिवा हालवला. तसा तो रोजच दाखवते, पन ते गाडीसाठी असते. जल्मभर मी गाड्याइले रस्ता देल्ला, त्या राती मले कोनी हिरवा देल्ला. मी डायवरले म्हटलं, बापू, मी चालली, अन् जे पळाली का पळालीच. पाय दुखत नव्हते असं नाही, लय दुखत होते, पन पळाली.

तांबडं फुटता फुटता पोचली. स्वातीनं गळ्यात पडून भोकाड पसरलं, एवढी वर्दीतली पोरगी. भाऊजी बाजूले चायचा थर्मास घेऊन उभे. मंग हळूच म्हने, वहिनी, मोटरसायकल आनली हाय, घरी सोडतो, बसा. मी म्हटलं, भाऊजी, राजापेठ काय दूर हाय, येते ना पायी. अन् खरंच पायी गेली, ते मोटरसायकल ढकलत माह्यासंग.

मेडल आता गेटच्या खोलीत हाय, झेंडीच्या खुटीवर. ज्या गाडीले जिकडं जाचं असन तिकडं सुखानं जावो, मी आपली गेटवर उभी हावो. ड्युटी सुटली का मंग मीबी निंघते.