कुसुमआत्या कशाने गेली?

मंडळी, देवासहून, धरमपुरीहून, कुठून कुठून आलात. बसा भिया, पुढे जागा आहे. मला बोलायला सांगितलंय, पण जीभ रेटत नाही. माझ्या दादाची थोरली सुमेधा, आमची सुमी, गेली. चौतिसाव्या वर्षी. श्रावणात पोट दुखतंय म्हणाली आणि आज तिच्या फोटोला हार. मला अजून खरं वाटत नाही. तुम्हाला वाटतंय का?

सुमी कॅन्सरवर संशोधन करायची. एकदा इथे धारला, माझ्या साडीच्या दुकानात गादीवर येऊन बसली. म्हटलं, "बाई, तू करतेस काय, मला समजेल असं सांग." म्हणाली, "काका, साड्या घडीत ठेवता ना? गिऱ्हाइकाला हवी तेवढीच उलगडता. पेशीत जनुकं अशीच घडीत असतात. त्या घड्या घालणारी, उलगडणारीही जनुकं असतात. तीच बिघडली, की नको ते उघडतं, हवं ते बंद राहतं." कुठल्या कॅन्सरमध्ये ती मोडलेली, कुठल्यात शाबूत पण गप्प, कुठल्यात भलतीच बडबडी, हे ती शोधायची. किती अनोळखी माणसांचे नमुने तपासले पोरीने!

मग सहज विचारलं, "काका, कुसुमआत्या कशाने गेली?"

मी म्हणालो, "पोटाच्या दुखण्याने."

खोटं बोललो, मंडळी. माझी बहीण कुसुम सव्विसाव्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. घरात तो शब्द काढायचा नाही, पोरींची लग्नं अडतील, असं आईने दादाकडून आणि माझ्याकडून वचन घेतलं होतं. दादा गेला, तरी मी पाळत राहिलो. केवढा शहाणा मी!

सुमीलाही तोच, अंडाशयाचा कॅन्सर निघाला. जनुकांचा रिपोर्ट आला, तो तिनेच आधी वाचला. तेच जनुक, ज्यावर ती काम करायची. जन्मापासून बिघडलेलं, घराण्यातून आलेलं. तेव्हा दवाखान्यात मी खरं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कागद मागितला. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, असं आमचं घराणं काढलं. कुसुमचा गोल काळा केला. स्वतःचा केला. धाकट्या बहिणीच्या, रेवाच्या गोलावर पेन थांबलं. "काका, हिला सांगा. दुखायची वाट बघू नका."

आधी सांगितलं असतं तर सुमी वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. हेच आता मला जन्मभर छळणार.

रेवा समोर बसलीय. तिला विचारूनच हे बोलतोय. काल आम्ही दोघांनी तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट यायचाय. भीती वाटते, एकदम भीती वाटते.

तुमच्याही घरी कुणी अशी 'पोटाच्या दुखण्याने' गेली असेल. आज घरी गेल्यावर पोरींना बसवा आणि त्या आजाराचं नाव घेऊन सांगा.

आता उभे राहू या. सुमीसाठी गप्प राहू. दोन मिनिटं. फक्त दोनच मिनिटं.