सीटपुढचा खांब

नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी सूचना द्यायची रांग होती. बायकांचं टॉयलेट मागायला आलेल्या नर्सबाईंच्या पुढे दोन म्हातारे होते.

“माझ्या सीटपुढे खांब हवा. जुन्यात होता तस्सा.”

“आजोबा, खांबामागून गोल कसा दिसणार?” कारकून म्हणाला.

“तीस वर्षं कुठे दिसला? हे आमचे साडू शेजारी बसतात, ते सांगतात. एरवी आमचं बोलणं नाही.”

“का बरं?”

“ते राहू द्या. खांब लिहा.”

“लिहिला. पुढचे या.”

पहिले म्हातारे जिना उतरेपर्यंत साडू थांबले. मग टेबलावर वाकून हळूच म्हणाले, “दोन लिहा. माझ्याही पुढे खांबच होता. त्यांना कधी कळू दिलं नाही.”