सासूबाईंचा जपानी नंदी

मला लायसन्स कसं मिळालं विचारताय ना? दोनदा नापास झाले होते यार, दोन्ही वेळा पॅरलल पार्किंगमध्ये! मग सासूबाईंना पुण्याहून इथे अमेरिकेत, बॉथेलला आणताना वाटेत टोकियोत एक दिवस मिळाला, म्हणून विद्येच्या देवाचं एक जुनं शिंतो देऊळ बघायला गेलो. अंगणभर प्लमची झाडं फुललेली, आणि एका दगडी बैलापुढे परीक्षेला बसणाऱ्या पोरांची रांग. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला की बुद्धी येते म्हणे.

सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, नंदी!"

मी म्हटलं, "आई, हा तो नव्हे." पण ऐकतंय कोण? त्यांनी शेपटीला हात लावून नमस्कार केला, शिंगांवर बोटं टेकवून मधून पाहिलं. समोर पिंड नव्हती, फुललेलं झाड होतं. त्यालाच हात जोडले आणि बैलाच्या कानात बराच वेळ कुजबुजल्या. ते बघून मागची पोरंही एकेक करून त्याच्या कानात कुजबुजायला लागली!

इथे आल्यावर मी टेस्ट दिली आणि चक्क पास झाले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तेच सांगितलं होतं त्याला."

"आई, विद्येच्या देवळात जाऊन लायसन्स मागितलंत?"

"देवाकडे कुठे मागितलं? नंदीला सांगितलं. ज्यानं जन्मभर महादेवाला पाठीवर बसवून फिरवलं, त्याला ड्रायव्हिंगमधलं नाही कळणार तर कुणाला?"